छिन्नीची चीर

गाडी गॅरेजच्या दारात यायच्या आधी मला तिचं दुखणं कळतं, हे पिंपळीत कुणालाही विचारा. बढाई नाही, कानाची सवय आहे. सायलेन्सरला खालून भोक असेल तर गाडी खोकते, मागच्या जोडाला असेल तर फडफडते, आणि पत्रा उभा चिरला असेल तर आवाजाच्या मागून एक बारीक शिट्टी येते. त्यामुळे स्वरूपा वहिनी शेळगावहून सासऱ्यांची मोटारसायकल घेऊन आली, तेव्हा मी चहाचा कप खाली न ठेवताच सांगितलं, "दोन भोकं हायत. एक खाली, एक मागच्या जोडाला."

"मला तर एकच दिसतंय, कुंडलिकदादा."

"दुसरं गाडी आडवी केल्यावर दिसंल."

दिसलं.

तिचे सासरे जोतीराम आबा दिवाळीत गेले. ते ही गाडी माझ्याशिवाय कुणाच्या हातात देत नसत आणि माझं एकही ऐकत नसत. गाडी गोठ्यात लावू नका, जनावरांच्या मुताची वाफ पत्रा खाते, हे सांगून मी थकलो. घर ते डेअरी एवढ्याशा फेरीत सायलेन्सर आतून वाळतही नाही, तोही कुजतच राहतो. आबा नुसते हसायचे. एक काळजी मात्र न चुकता घ्यायचे. गाडी लावली की सायलेन्सरच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबायचे, कुंभारमाशीनं आत घर करू नये म्हणून. तो बोळा अजून हँडलला निळ्या दोरीनं लटकत होता. मी काढून टाकायला गेलो, तर वहिनीनं माझ्या हातातून घेतला.

"ऱ्हाऊ द्या. गोठ्यात खुंटीला लावते."

मग तिनं काम सांगितलं. काम सायलेन्सरचं होतं, पण दुखणं म्हशीचं होतं.

"चांदी माझ्या म्हायेरची म्हस. वडगाव निंबाळकरवरनं संगं आणलेली. तिची धार आबाच काढायचे. ह्या गाडीचा आवाज आला की पान्हा सोडायची, अजून सोडती. पण गाडीवरनं उतरनारं मानूस आबा न्हाय म्हनल्यावर दूध चोरती. कास दगडासारखी झालीया. डाक्टर म्हनले, आवाज बदलून बघा, इसरंल ती. आन् घरचे म्हनत्यात, बाजारात न्या."

घरचे म्हणजे दिग्विजय, तिचा नवरा.

"मला ती द्यायची न्हाय, दादा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण गाडीची चावी तिनं मुठीत घट्ट आवळली होती.

इंजिनातून सायलेन्सरकडं येणाऱ्या बेंडपाईपचा नट गंजून एकजीव झाला होता. डिझेल ओतलं, ठोकलं, हलेना. शेवटी छिन्नी लावली. ती सटकली आणि कुजक्या पत्र्याला वीतभर उभी चीर पाडून गेली. वहिनी तेव्हा समोरच्या दुकानात होती. भंगारात जाणाऱ्या पत्र्याची चीर कुणाला कशाला सांगायची? नवा सायलेन्सर बसवला, गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही माझी रीत आहे. मी तो पुढं केला. तिनं हात मागं घेतला.

"नगं. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

मी तो भिंतीवरच्या आकड्याला अडकवला.

चार-सहा दिवसांनी तिचा फोन आला.

"दादा, आबांचा सायलेन्सर कुणाच्या गाडीला बसवला का?"

मी भिंतीकडं पाहिलं. "हितंच लटकतोय की. का?"

"दोन्ही वक्ताच्या धारंला त्योच आवाज येतोय."

"त्याच्यासारखा असंल. कुजक्या सायलेन्सरची गाडी शेळगावात काय एकच हाय व्हय?"

"असंल. पण आवाज आला की चांदी पान्हावती आन् मधीच बिचकती. पयल्यापरीस वाईट झालंय. ह्यांनी उद्याच्याला व्यापारी बोलवलाय. तुमी एकडाव ऐकून सांगा, कुणाची गाडी हाय. मी त्याच्या पाया पडंन."

असं कुणी कानाचं कौतुक केलं की मला राहवत नाही. संध्याकाळच्या धारेच्या आत शेळगावला पोचलो.

नव्या सायलेन्सरची गाडी अंगणात उभी होती. इंजिनाला हात लावून पाहिला, गार. गोठ्यात खुंटीला तो बोळा, निळी दोरी खाली लोंबत होती. चांदी कपाळावरच्या पांढऱ्या टिक्क्यासह रस्त्याकडं तोंड करून उभी. कास इतकी ताठली होती की मला बघवेना. दिग्विजय ओसरीवर मोबाईल बघत बसला होता. त्यानं नुसती मान हलवली.

वहिनी चरवी घेऊन धारेला बसली. उसाच्या फडात ऊन तिरपं झालं होतं.

आधी चांदीचे कान वळले. मग मला ऐकू आलं.

कालव्याच्या बाजूनं गाडी येत होती. खोकत. खालचं भोक. मग फडफड, मागच्या जोडाचं. शंकाच नको. चांदीच्या सडांतून आपोआप दुधाचे थेंब गळायला लागले. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, कोण आहे बघू या.

रस्ता सरळ आहे. पार कालव्यापर्यंत दिसतो. त्यावर कुणी नव्हतं.

आवाज जवळ आला आणि त्याच्या मागून शिट्टी आली. सुईसारखी बारीक.

दोन भोकं साऱ्या गावानं वर्षभर ऐकली होती. ती शिट्टी कुणीच ऐकलेली नव्हती. चीर मी पाडली होती, माझ्या गॅरेजात, इंजिन बंद असताना. त्यानंतर तो सायलेन्सर कुठल्याच गाडीला लागला नव्हता.

पोटरीला ऊन हवा लागून गेली. जळक्या पेट्रोलचा वास.

आवाज गोठ्याच्या दाराशी थांबला. शिट्टीनं चांदी थरथरली, लाथ झाडली आणि दूध वर ओढून घेतलं. चरवी लवंडली.

"ऐकलं?" वहिनी म्हणाली.

"व्हय."

ओसरीवरून दिग्विजय म्हणाला, "असत्याल कुणीतरी." मान मात्र त्यानं वर केली नाही.

वहिनी उठली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पण म्हैस जाईल ही भीती त्याहून मोठी होती. "दादा, पयला आवाज चांदीला वळखीचा हाय. ती शिट्टीच नवी हाय. बंद हुईल का?"

मी धंद्यात कधी नाही म्हटलेलं नाही.

"हुईल," मी म्हणालो. "व्यापाऱ्याला उद्या रातच्यापतुर थांबवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायलेन्सर आकड्यावरून काढला. चीर घासून साफ केली, पट्टी लावली, गॅसवेल्डिंगनं सावकाश बंद केली. दोन्ही भोकांना हात लावला नाही. असलं चोख काम मी चालत्या गाडीलाही क्वचित केलं असेल. संध्याकाळी तो गार झालेला सायलेन्सर पुन्हा भिंतीला अडकवला आणि समोर चहाला गेलो. भरलेल्या हॉटेलात, चार माणसांत बरं वाटत होतं.

फोन वाजला.

"शिट्टी न्हाय आली," वहिनी म्हणाली. "चांदीनं सगळं सोडलं. कास मऊ पडली. घरच्यांनी व्यापाऱ्याला परत लावून दिला."

"म्हटलं न्हवतं? काम पक्कं केलंय."

चांदीच्या रवंथाचा आवाज फोनवर येत होता.

"चरवी काठोकाठ भरली, दादा," ती म्हणाली. "पण मी धारंला बसलेच न्हवते. चरवी ठिवून मी पानी आणाया गेल्ते."

मी चहा तसाच ठेवून रस्ता ओलांडला.

सायलेन्सर आकड्यावरच होता. त्याच्या खाली फरशीवर काळं पाणी ठिबकलं होतं. माझी वेल्डिंग जशीच्या तशी. पत्र्याला बोट लावलं आणि चटका बसला तसं झटकन मागं घेतलं.

त्याच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबलेला होता. निळी दोरी बाहेर लोंबत होती, आणि दोरीच्या टोकावरून दूध ठिबकत होतं. मी हात पुढं केला. तळव्यावर पडलेला थेंब कोमट होता.