पार्टिशनमागची आभा

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्यासोबत आणि माझ्या नणंदेसोबत घडलेली आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण हसू नका.

२०१२ चा डिसेंबर. यवतमाळ.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

मी शाल्मली. मी आणि माझी नणंद आभा, दोघी बसस्टँडजवळच्या एका सीएंच्या ऑफिसात कामाला होतो. त्या वर्षांत मोठ्या कंपन्यांचे हिशोब सरकारकडे नव्या पद्धतीने पाठवावे लागत. ताळेबंदातल्या एकेका आकड्याला सॉफ्टवेअरमध्ये सरकारी यादीतलं ठरलेलं नाव जोडायचं. त्याला टॅगिंग म्हणतात. एक टॅग चुकला की लाल अक्षरांत एरर, आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी माझ्याकडे नेरच्या एका कापसाच्या जिनिंग कंपनीची फाईल होती. सकाळपासून एररच.

कारणही माहीत होतं. आमच्याकडचा कागद कच्चा होता, त्यात मागच्या वर्षीचे आकडे जुळत नव्हते. सही झालेला पक्का ताळेबंद आणायला आभा सकाळीच एसटीने नेरला गेली होती. फोन लागत नव्हता.

सरांचा नागपूरहून फोन.

"शाल्मली, आज शेवटची तारीख आहे. कारणं नकोत, फाईल पाठव."

काय पाठवू? डोकं? त्यात लाईट गेलेली. इन्व्हर्टर कुंथत होता. मला अक्षरशः कीबोर्ड आपटावासा वाटत होता.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या... मी स्क्रीनमध्येच डोकं घालून होते.

माझ्या पाठीमागे प्लायवुडचं पार्टिशन होतं. त्यामागे आभाची खुर्ची. ती करकरली.

"वहिनी, घे. मागच्या वर्षीचं."

आभाचाच आवाज.

"आलीस एकदाची!" मी वळलेसुद्धा नाही. "सांग पटकन."

आमची ही रोजचीच पद्धत. ती कागदावरून पुकारायची, मी टॅग लावायची. ती एकेक आकडा सांगत गेली. कच्चा माल. मजुरी. वीज. लाल अक्षरं एकेक करून नाहीशी होत होती. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू.

"जेवलीस का गं नेरला?"



पुढचा आकडा.

आभा म्हणजे बोलका पोपट. एसटीत शेजारी कोण बसलं होतं, इथपासून सांगणारी. आज एक शब्द जास्तीचा नाही. मला रागच आला. मी इथे मरतेय आणि हिचा रुसवा!

हंसाबाई चहा घेऊन आल्या. त्या ऑफिसची झाडलोट आणि चहापाणी बघत. एक कप माझ्यासमोर ठेवला, दुसरा घेऊन पार्टिशनमागे गेल्या...

आणि तसाच भरलेला कप घेऊन परत आल्या.

"मॅडम, आभाताई कुठं गेल्या?"

"आतच आहे ना. आत्ता बोलली."

"म्याबी आयकलं. म्हणून तं चहा नेला." बशीत चहा सांडला. "आतमंदी कोनीच नाही."

मी कीबोर्डवरचा हात काढला.

"वहिनी, घे..." मागून आवाज आला.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

दारात आभा उभी होती. केसांत धूळ, ओढणी तोंडाला गुंडाळलेली, छातीशी सीलबंद फाईल.

"वहिनी, काय सांगू तुले! कापसाच्या भावासाठी रास्ता रोको होता. तीन-चार तास एसटी जागची हलली नाही. आत्ताच उतरून..."

ती थांबली.

मागून आवाज चालूच होता. सावकाश. एकेक आकडा.

आभाने ओढणी खाली केली.

"वहिनी... हा तं माह्याच आवाज आहे."

आवाज बंद झाला.

हंसाबाईंनी तिथूनच देवाचं नाव घेतलं. मी आणि आभा एकमेकींचा हात धरून पार्टिशनमागे गेलो. खुर्ची. टेबल. बंद खिडकी. बाकी काही नाही.

मग आभाने आणलेली फाईल उघडली. कंपनीचं सील तसंच होतं, तिनेच फोडलं.

मी टाकलेला प्रत्येक आकडा बरोबर होता.

फाईल सरकारकडे गेली. एकही एरर आला नाही. रात्री सरांना फोनवर सगळं सांगितलं, तर म्हणाले, "काम झालं ना? मग झालं." घरीही तेच. नवरा म्हणाला, कामाचा ताण. मी किती जणांना सांगितलं असेल! आता सांगणंच सोडलं.

आभाने ती नोकरी सोडली. घरात ती आता मोठ्याने बोलत नाही. काम असलं की जवळ येऊन माझ्या दंडाला हात लावते.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. ती माझ्यासमोर कणीक मळत होती.

मागच्या खोलीतून हाक आली...

"वहिनी."

आभा कणीक मळत राहिली. मी भाजी चिरत राहिले.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.