गोठायचं विसरलेलं पाणी

मावशी कमरेपर्यंत एका फ्रीजच्या पोटात शिरली होती. बाहेर होते फक्त तिचे पाय, आणि त्या पायांशी एक गृहस्थ अदबीनं बोलत होते.

"बाई, तुम्ही दुरुस्त केलेला फ्रीझर बर्फ करत नाही."

मावशी बाहेर आली ती कपाळाला ग्रीस फासूनच. "काय म्हणालात, साहेब?"

"सहा दिवस झाले. संध्याकाळी बाटल्या ठेवतो, सकाळी बघतो तर पाणीच. पूर्वी तो फ्रीझर खडखडायचा, थरथरायचा, पण बर्फ करायचा. तुम्ही हात लावला, आवाज गेला आणि बर्फही गेला."

हे समोरच्या क्रीडागृहाचे व्यवस्थापक. तिथे कुणाचा पाय मुरगळला की त्यावर धरायला गोठलेल्या बाटल्या लागत. व्यवस्थापकांचं सगळंच हळुवार. दार ते दोन बोटांनी लावत, खुर्ची उचलून ठेवत, आणि शिंक येणार असली की आधीच माफी मागत. सुट्टीला मावशीकडे आलेल्या तिघांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव मऊसाहेब ठेवून टाकलं होतं.

"आज चारला समितीची बैठक आहे," मऊसाहेब म्हणाले. "क्रीडागृहाची सगळी यंत्रं यापुढे कुणी सांभाळायची ते ठरेल. तुमचं नाव मीच सुचवलं होतं. आता मागे घ्यावं लागणार. वाईट वाटतं हो."

आणि ते पावलांचा आवाज न करता निघून गेले.

मावशी स्टुलावर बसली. एकटीच्या हिमतीवर हे दुकान टाकून तिला जेमतेम आठ महिने झाले होते. 'बाईमाणूस आणि फ्रीजची दुरुस्ती?' असं म्हणणाऱ्यांची तोंडं या कामानं बंद होणार होती. ती नुसता पाना हातात फिरवत राहिली. ते बघून शंकीला रडूच यायला लागलं.

शंकी म्हणजे तिघांतली मोठी, बारा वर्षांची. तिला कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात पटत नसे. धांदल तिचा धाकटा भाऊ; सपाट जमिनीवर अडखळण्याची कला त्याला जन्मतःच अवगत होती. तिसरा त्यांचा मावसभाऊ पंतोजी. वय अकरा, बोलणं साठीचं, आणि हातात कायम एक वही.

"रडून फ्रीझर चालत नाही," पंतोजी म्हणाला. "आधी जागेवर जाऊन बघू या."

चौघं क्रीडागृहाच्या उपाहारगृहात पोचली. मऊसाहेबांनी फ्रीझरचं झाकण अल्लाद उघडलं. आत प्लास्टिकच्या बंद बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. एक त्यांनी दोन्ही हातांनी, तान्ह्या बाळाला उचलावं तशी उचलली. आत स्वच्छ, पातळ पाणी होतं.

"पण काटा उणे सहा दाखवतोय," मावशी म्हणाली. "शून्यालाच बर्फ व्हायला हवा."

"काटा अडकला असेल."

"काटा अडकलेला नाही, तुमचे डोळे अडकलेत," आतून आवाज आला. उपाहारगृह चालवणाऱ्या काकू हातात पातेलं घेऊन बाहेर आल्या आणि ते त्यांनी ओट्यावर असं आदळलं की पंतोजीची पेन्सिल उडाली. "काल मीच बाटली काढली. बर्फ होता. परवाही बर्फच होता."

"मी काढतो तेव्हा पाणी असतं."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

मऊसाहेबांनी हातातली बाटली टेबलावर हलकेच ठेवली आणि फ्रीझरला कुलूप लावायला वळले. "चारपर्यंत हे बंद. समितीच स्वतःच्या डोळ्यांनी बघेल."

एवढ्यात धांदलचा पाय खुर्चीत अडकला. तो खुर्चीसकट टेबलावर जाऊन धडकला. बाटली हादरली, आणि शंकीचे डोळे विस्फारले. बाटलीच्या गळ्याशी एक पांढरा ठिपका उमटला, त्याला काटे फुटले आणि बघता बघता ते खालपर्यंत पसरले. तीन-चार सेकंदांत सगळी बाटली पांढरीफटक.

मऊसाहेब मागे वळले. त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग मुलांकडे.

"बाटली बदललीत," ते दुखावल्या स्वरात म्हणाले. "मावशीसाठी केलंत, समजू शकतो. पण हे बरं नाही."

"नाही हो काका, ती आपोआप..." शंकी म्हणाली.

"आपोआप," मऊसाहेबांनी मान हलवली आणि किल्ली खिशात टाकली.

दुकानात परतल्यावर धांदल म्हणाला, "मी मुद्दाम नव्हतो धडकलो."

"गप्प बस. आयुष्यात पहिल्यांदाच तुझं धडपडणं कामी आलंय," शंकी म्हणाली. "पंतोजी, लिही. मऊसाहेब बाटली काढतात तेव्हा पाणी. काकू काढतात तेव्हा बर्फ. फरक काय?"

पंतोजीनं चष्मा वर सरकवला. "काकू आदळआपट करतात."

"आणि तो फ्रीझर आधी सतत थरथरायचा," मावशी हळूच म्हणाली. "मी नवी मोटर बसवली, तेव्हापासून तो जागचा हलत नाही." बोलता बोलता ती उठून उभी राहिली होती.

दुकानात दोन छोटे फ्रीझर होते, त्यातल्या एकाचा पाय तुटका असल्यानं तो डुगडुगायचा. मावशीनं दोन्ही उणे सहावर लावले आणि दोन्हींत तशाच तीन-तीन बाटल्या ठेवल्या. मग सुरू झालं वाट बघणं. धांदलला तेवढा वेळ रस्त्यापलीकडे बसवून ठेवलं होतं.

साडेतीनला झाकणं उघडली. डुगडुगणाऱ्या फ्रीझरमध्ये तिन्ही बाटल्या गोठलेल्या. स्थिर फ्रीझरमध्ये एक गोठलेली, दोन पाण्याच्या. शंकीनं त्यातली एक ओट्यावर आपटली. सर्रकन बर्फ! दुसरी मावशीनं आपटली. तिचाही बर्फ.

"चला, बोलवा त्या धांदलला," मावशी म्हणाली. "आणि समितीसमोर कुणीही बाटलीला हात लावायचा नाही. नाहीतर पुन्हा म्हणतील, बदलली."

चार वाजता अध्यक्षबाई आणि चार सभासद टेबलाभोवती बसले. मऊसाहेबांनी कुलूप काढलं आणि आठ बाटल्या एकेक करून, श्वास रोखून टेबलावर मांडल्या. आठही पाण्याच्या.

"बघा," ते म्हणाले. "मी काय वेगळं सांगू?"

अध्यक्षबाईंनी मावशीकडे बघितलं. "तुमचं काही म्हणणं?"

मावशीनं शंकीला खूण केली. शंकी पुढे झाली. "बाई, एक विनंती आहे. काकांनी त्यांच्याच हातानं एक बाटली टेबलावर आपटावी."

"आपटू?" मऊसाहेबांना ऐकूनच घाम फुटला. "मी आयुष्यात काही आपटलेलं नाही."

"आपटा हो," काकू मागून म्हणाल्या.

मऊसाहेबांनी बाटली जेमतेम बोटभर उचलली आणि टेबलावर टेकवली. काही झालं नाही. एक सभासद घड्याळाकडे बघायला लागला. मऊसाहेबांनी पुन्हा टेकवली. पाणी ते पाणीच. मावशीनं डोळे मिटून घेतले.

"याला आपटणं म्हणत नाहीत, याला थोपटणं म्हणतात," अध्यक्षबाई वैतागल्या. "जरा जोर लावा की!"

मऊसाहेबांनी डोळे गच्च मिटले, 'माफ करा' असं पुटपुटले आणि बाटली दाणकन आपटली.

त्यांच्या मुठीतच पाणी पांढरं होत गेलं, वरून खाली, सुईसारखे काटे टाकत. मऊसाहेबांनी डोळे उघडले आणि बाटलीकडे बघत तोंड उघडं ठेवून उभे राहिले.

"पाणी स्वच्छ असलं आणि अजिबात हललं नाही, तर कधी कधी ते शून्याखाली जाऊनही पाणीच राहतं," शंकी म्हणाली. "तास संपला तरी वर्गात पहिलं कुणी उठत नाही ना, तसं. एक उठला की सगळे उठतात. दणका बसला की पहिला कण गोठतो, मग बाकीचे. आधी हा फ्रीझर थरथरून तो दणका स्वतःच द्यायचा. मावशीनं तो इतका छान दुरुस्त केला की आता तो हलतच नाही."

"म्हणजे दुरुस्ती चांगली झाली म्हणून तक्रार आली," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी उठून मावशीचा हात हातात घेतला. "आजपासून सगळी यंत्रं तुमच्याकडे. आणि ही तीन डोकी तुम्ही कुठून आणलीत?"

"बहिणींकडून, सुट्टीपुरती," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं लपवले नाहीत.

मऊसाहेब पुढे आले. "बाई, माझं चुकलं. काकू, तुमचंही खरं होतं. आणि मुलांनो, शाबास. मी तुम्हाला लबाड ठरवलं, ते मागे घेतो." मग जरा घुटमळून त्यांनी अध्यक्षबाईंना विचारलं, "सात उरल्यात. आणखी एक आपटून बघू का?"

"बघा."

त्यांनी दुसरी आपटली. मग तिसरी, आणि या वेळी माफी मागितली नाही. चौथीला त्यांनी कोट काढून ठेवला. आठवी आपटली तेव्हा मऊसाहेब घामाघूम झाले होते, हसत होते, आणि समितीला प्यायला थेंबभर पाणी उरलं नव्हतं.