लटारूच्या फोनमधली घंटी

लटारू तीन तास मोहाच्या झाडावर बसून होता. खाली वाघ बसला होता. घाई दोघांनाही नव्हती. लटारूला तर मुळीच नव्हती.

वाघ जंगलातल्या कॅमेऱ्यासमोरून गेला की गावातल्या फोनांमध्ये घंटी वाजायची. ते ॲप चंद्रपूरच्या एका छोट्या संस्थेचं. सहा महिने घंटी बिनचूक वाजली. त्या दिवशी सकाळी ॲपची नवी आवृत्ती फोनवर गेली आणि घंटी मुकी झाली.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या प्रमुख सत्यशीलाबाईंनी जलालुद्दीनभाईंना बोलावलं. ऊर्जानगरच्या वीज कंपनीच्या भांडारात त्यांनी तीस वर्षं आलेल्या मालाची सीलं तपासली होती. संगणकातलं आपल्याला काही कळत नाही, हे त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. बाईंना हे फार आवडलं.

"कोड जोयाचा आहे. संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर तिला काढावं लागेल."

जोया खाली मान घालून बसली होती. डोक्यावर भिंतीवर, घंटीच्या बातमीसोबत वर्तमानपत्रात आलेला तिचा फोटो होता. ऑफिसातल्या दिनेशनं तो टांगला होता, जरा वाकडा. प्रफुलनं त्या दिवशी पेढे वाटले होते. स्वतः खाल्ला नव्हता.

हा प्रफुल ऊर्जानगरच्या क्वार्टरमधून रोज यायचा. त्यानं मनगटाकडे पाहिलं. "सव्वाअकरा झाले, भाऊ. पोरीले उगाच ताणून काय फायदा?"

भिंतीवर अकरा वाजून पाच झाले होते. जलालुद्दीनभाईंनी आपलं घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा. त्यांना बरं वाटलं.

"दिनेशभाऊ, नवं ॲप कोणी धाडलं?"

"मीच. नऊ सेहेचाळीसले. ती वेळ सर्व्हरची हाय, आपल्याले बदलता येत नाई. फोल्डरमध्ये होतं तेच धाडलं. त्यावरचा संस्थेचा डिजिटल शिक्का बरोबर होता."

"शिक्का कुठी असते?"

"बाईंच्या ड्रॉवरमधल्या पेनड्राईव्हमध्ये."

"ड्रॉवर कोण उघडते?"

"सगळेच. सुपारी तिथीच असते ना!"

बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"म्हणजे शिक्का आपला, आतला माल कोणाचा ते माहीत नाई," जलालुद्दीनभाई म्हणाले. "असे डबे लई पाह्यले. बेटा जोया, त्याच कोडमधून ॲप पुन्हा बनव. सगळ्यांसमोर."

तिनं बनवलं. पडद्यावर अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक ओळ आली.

"चाचा, हा ॲपचा ठसा. आत एक टिंब जरी बदललं, तरी ठसा बदलते."

लटारूकडून मागवलेल्या ॲपचा ठसा शेजारी ठेवला. पहिल्याच अक्षरापासून वेगळा.

"दर बार वेगळाच येत असंल," प्रफुल म्हणाला.

जोयानं पुन्हा बनवलं. ठसा पहिल्यासारखाच. "वेळेच्या जागी आपलं मशीन ठरलेली तारीख टाकते, म्हणून बदलत नाई. लटारूभाऊच्या ॲपमध्ये बनवणाऱ्या लॅपटॉपच्या घड्याळाची वेळ पडली हाय. कालचीच. नऊ बावन्न."

"धाडलं नऊ सेहेचाळीसले आन बनलं नऊ बावन्नले?" जलालुद्दीनभाई म्हणाले. "बारसं आधी, बाळंतपण मागून."

त्यांनी सावकाश सांगायला घेतलं.

"हे ॲप ज्या लॅपटॉपवर बनलं, त्याचं घड्याळ पुढं हाय. ऊर्जानगरात कंपनीची बस कोणासाठी थांबत नाई. म्हणून क्वार्टरमधलं हरेक घड्याळ दहा मिनिटं पुढं. भिंतीवरचं, मनगटावरचं, लॅपटॉपमधलंही. मले रिटायर होऊन सहा वर्षं झाली, माझं अजून पुढंच हाय. मघाशी या खोलीत दोनच मनगटांवर सव्वाअकरा वाजले होते. एक माझं. आन मले ॲप बनवता येत नाई."

सगळ्यांनी प्रफुलच्या मनगटाकडे पाहिलं. त्यानं हात खिशात घातला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उशीर झाला होता.

"जोयाच्या कोडमधून घंटी तेवढी काढली, घरी ॲप बनवलं, शिक्का मारला आन फोल्डरमध्ये ठेवलं," जलालुद्दीनभाई म्हणाले. "काऊन, प्रफुलभाऊ?"

"तिले शिकवलं कोणी? मी! आठ वर्षं इथी घासून राह्यलो, आन फोटो कोणाचा?" प्रफुलचा आवाज चिरकला. "काल चार वाजता वनखात्याचे साहेब ॲप पाहाले येणार होते. तेव्हा घंटी वाजू नये, एवढंच मनात होतं. वाघ अकरालेच येईल, हे मले काय माहीत?"

"त्याले कार्यक्रमपत्रिका धाडाची राहिली असंल," जलालुद्दीनभाई म्हणाले.

बाईंनी प्रफुलकडून ऑफिसची किल्ली घेतली. पेनड्राईव्ह पर्समध्ये टाकला. सुपारी ड्रॉवरमध्येच राहिली. जोयानं खरं ॲप धाडलं, आणि एकदा घंटी वाजवून पाहिली.

मिनिटभरात ऑफिसचा फोन वाजला.

"बाई! घंटी वाजली! वाघ कुठी हाय?"

"वाघ नाई, लटारूभाऊ. मी जोया. तपासून राह्यली."

पलीकडे पानं सळसळली.

"आधी सांगाचं ना, पोरी. मी चढलो ना वर."