आखूड झालेली शाळा

"ऐकलंत का? आपण सगळे आखूड झालोय!"

लांबू धापा टाकत शाळेच्या स्वयंपाकघरात शिरला. कंद सोलणाऱ्या चौकशीचा हात तिथेच थांबला. चौकशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण दिवसाला पन्नास प्रश्न विचारणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार?

"म्हणजे रे?"

"आहारखात्याच्या साहेबांनी सकाळी उंच्या मोजल्या ना! गेल्या वर्षी तू एकशे अडतीस होतीस, आता एकशे सदतीस. मीही एकाने कमी. तुझा भाऊ शेंगदाणा मात्र जिथल्या तिथे!"

"मी नाही घटलो!" शेंगदाणा छाती काढून म्हणाला.

एरवी सगळे खो खो हसले असते, पण चुलीपाशी बसलेल्या मावशीचा चेहरा पार उतरला. ही रानातल्या आदिवासी मुलांची शाळा. सुट्टीतही दुपारचं जेवण इथेच असे. पूर्वी कारखान्यातून गोड पिठाची पाकिटं यायची. मुलं ती गुपचूप बकऱ्यांना घालायची आणि उपाशी घरी जायची. मग मावशीने हट्टच धरला, की आमच्या पोरांना आमचंच अन्न द्या. तेव्हापासून रानातले कंद, पालेभाज्या आणि भरड धान्य शिजू लागलं. साहेबांनी एक वर्षाची मुदत दिली होती. मुलं वाढली तर चूल राहणार, नाहीतर पुन्हा पाकिटं!

"उद्या अहवाल जाईल," मावशी हळूच म्हणाली. "माझं काय गं, मी दुसरीकडे राबेन. तुमच्या पोटाचं काय?"

चौकशीचं लक्ष भलतीकडेच होतं. "लांबू, तुझे घोटे का दिसतायत?"

"विजार आखूड झाली."

"तूही आखूड आणि विजारही आखूड? दोघांपैकी कुणीतरी थापा मारतंय!"

तिघांनी तडक शिंपीकाकांचं दुकान गाठलं.

"तुमच्या विजारींच्या दुमडी उसवून उसवून माझी बोटं दुखली!" काका करवादले. "काय खाता रे एवढं?"

चौकशीने लांबूकडे पाहिलं. लांबूने चौकशीकडे पाहिलं. काकांची टेप मागून घेऊन त्यांनी दुकानाच्या भिंतीपाशीच मोजणी केली. चौकशी एकशे त्रेचाळीस भरली!

आता कोडं शाळेत होतं. सकाळी जिथे उंच्या मोजल्या, त्या मोठ्या वर्गात यंदा नवी फरशी बसली होती. भिंतीला नवा रंग लागला होता आणि त्यावर उंचीचे नवे आकडे. चौकशीने टेपचं टोक जमिनीला टेकवलं.

"भिंतीवर शंभर," लांबू वाचू लागला, "आणि टेपवर... एकशे सहा!"

"ताई, इकडे बघ!" शेंगदाणा पालथा पडला होता. "शून्य जमिनीवर नाहीच! फरशीच्या पट्टीवर चढून बसलंय!"

खरंच! भिंतीच्या पायथ्याशी सहा सेंटिमीटरची नवी पट्टी होती आणि रंगाऱ्याने आकडे तिच्या वरून सुरू केले होते.

हेडसरांनी मात्र ऐकूनच घेतलं नाही. "शिंप्याच्या टेपा जुन्या होऊन आकसलेल्या असतात! हे आकडे माझ्या देखरेखीखाली रंगवलेत. पळा!"

तिथेच अहवाल लिहीत बसलेल्या साहेबांनी तर मानही वर केली नाही. "आकडे खोटं बोलत नाहीत, बाळांनो."

चौकशी क्षणभर हिरमुसली. मग तिच्या डोळ्यांत चमक आली.

"साहेब, तुमची उंची किती हो?"

"एकशे बहात्तर!" साहेब ताठ झाले.

"लांबूला नाही वाटत एवढी."

"काय?" साहेबांनी बूट काढले आणि भिंतीला पाठ लावली. लांबूने स्टुलावर चढून त्यांच्या डोक्यावर पाटी धरली.

"एकशे सहासष्ट!"

"अशक्य! नीट बघ!"

"नीटच बघतोय. सहासष्ट."

चौकशीने चेहरा अगदी गंभीर केला. "अरेरे! साहेब, तुम्हीही आमच्या मावशीकडे जेवता का?"

साहेबांनी खाली पाहिलं, गुडघे टेकले, त्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि एकदम हसत सुटले.

"हेडसर, तुमच्या देखरेखीखाली ना?"

"रंग मात्र छान लागलाय, साहेब," हेडसर पुटपुटले.

लगेच टेपने सगळी पोरं पुन्हा मोजली. चौकशी पाचने वाढली होती, लांबू पाचने आणि शेंगदाणा तर सहाने! साहेबांनी जुना अहवाल टराटरा फाडला आणि नवा लिहून मोठ्याने वाचला, "मुलांची वाढ उत्तम. चूल चालूच ठेवावी. तपासणाऱ्याने न बघता मोजलं, त्याला मुलांनी शहाणं केलं."

"शाबास रे पोरांनो!" ते म्हणाले. हेडसरांनीही मुकाट्याने चौकशीची पाठ थोपटली.

दारात ओल्या हातांनी मावशी उभी होती. तिने हात पुसून तो कागद घेतला आणि ओळ न् ओळ वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. चौकशीला तिने घट्ट जवळ घेतलं.

शेवटी ती सगळ्यांवर ओरडलीच. "बघताय काय? बसा पानावर! साहेब, तुम्हीसुद्धा!"