सुट्या भागांचा फोन आणि खवचट काकू

मंडईत कोथिंबिरीची जुडी निवडायला वाकलेल्या मैत्रीच्या हातून फोन निसटला आणि शेजारच्या तरुणाच्या चपलेपाशी पालथा पडला. त्यानं तो उचलून सुलटा केला. काचेला पार जाळी पडली होती.

"गेली," तो म्हणाला.

"कोण?"

"स्क्रीन. दुःख नंतर करा, आधी कोथिंबीर घ्या. मागे लोक खोळंबलेत."

मैत्रीनं रागानं वर पाहिलं, आणि राग जागच्या जागी विरला. माणूस देखणा होता. त्यातून केसांवर बाहेरच्या भुरभुर पावसाचे थेंब... आता अशा वेळी कोणी किती रागवायचं?

"माझाही परवा असाच पडला," असं म्हणत त्यानं खिशातून आपला फोन काढला, अंगठ्यानं मागचं झाकण सरकवलं आणि स्क्रीन अख्खीच्या अख्खी उचलून हातात घेतली. "घरी दुसरी होती. बसवली, झालं."

"मिक्सरचं भांडं बदलल्यागत हाय की," भाजीवाल्या मावशी म्हणाल्या.

"मावशी, एवढं सोपं मला आजवर कुणाला सांगता आलं नाही."

मावशी हसल्या. मैत्री मात्र हसली नाही. तिच्या छातीत धडधडलं ते प्रेमानं नव्हे बरं का, भीतीनं. तिनं तो फोन ओळखला होता.

मैत्री ओव्हाळ, वय वर्षं सव्वीस, राहणार विश्रांतवाडी, एका मराठी संकेतस्थळावर नव्या वस्तूंची परीक्षणं लिहायची. स्वतःच्या नावानं नाही, 'खवचट काकू' या नावानं. आठ महिन्यांपूर्वी याच फोनबद्दल काकूंनी लिहिलं होतं: 'या फोनचे सगळे भाग बदलता येतात म्हणे. त्यापेक्षा घेणाऱ्यानं विचार बदलावा. बॅटरी बदलली की हा फोन पाच मिनिटं जगतो आणि मान टाकतो.' पुण्यात असलं वाक्य वाया जात नाही. सोसायट्यांच्या, शाळांच्या, नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर ते फिरलं होतं.

"मी सौमित्र. हा फोन आम्हीच बनवतो," तो सांगत होता. "म्हणजे... आता मी एकटाच. कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कारखाना आहे. या ना, तुमची काचही बघू."

सांगून टाकायला ती वेळ उत्तम होती. मैत्री म्हणाली, "येते."

आणि गेली. काच काय, कोणीही बसवून दिली असती. पण दुसऱ्या खेपेला अहो-जाहो सुटलं आणि तिसऱ्या खेपेपर्यंत चहात साखर किती हे त्याला पाठ झालं. एका गॅरेजात टेबल, दिवा आणि लहान लहान खणांचं कपाट, असा तो कारखाना. भिंतीवर एक छापील कागद चिकटवलेला. मैत्रीनं जवळ जाऊन पाहिलं. खवचट काकूंचं परीक्षण होतं.

"हे कशाला लावलंयस?"

"रोज सकाळी वाचतो. डोकं ताळ्यावर राहतं."

"राग नाही येत?"

"येतो की. पण लिहिलंय झकास. काकू भेटल्या ना, तर आधी भांडेन आणि मग चहा पाजेन."

"काकूच कशावरून?"

"तेही खरं. कोणीतरी निवृत्त गृहस्थ असतील. पहाटे फिरायला जाणारे, आणि जगाला शहाणं करून परतणारे."

तिला हसू आलं, आणि हसल्याची लगेच लाज वाटली. विषय बदलायला म्हणून तिनं विचारलं, "पण खरं सांग सौमित्र, साधा माणूस कशाला फोन उघडत बसेल? बिघडला की दुसरा घेतील."

"तुमच्याकडे गॅसची टाकी कोण बदलतं?"

"आई."

"भीती वाटते तिला?"

"छे. साबणाचं पाणी लावून गळती बघते, मग शेगडी पेटवते."

"मग तिला बॅटरीही बदलता येईल. तीन वर्षं नीट चाललेला फोन एका बॅटरीपायी कचऱ्यात टाकायचा, हे मला नाही पटत." मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "तेजसलाही पटायचं नाही. आम्ही दोघांनी मिळून सुरू केलं होतं. या कागदानंतर आठवड्यात फोनची सगळी आगाऊ नोंदणी रद्द झाली आणि तो बंगळुरूला नोकरीला गेला. आता एकच आशा आहे. इथल्या कोपऱ्यावरच्या शाळेला शिक्षकांसाठी फोन हवेत. शर्मिला मॅडम म्हणून मुख्याध्यापिका आहेत, त्या गुरुवारी ठरवणार. त्यांनीही हे वाचलंय... ते सोड. हे घे. तूच बसवून बघ."

त्यानं नवी बॅटरी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती बसवली. फोन सुरू झाला, लुकलुकला आणि बंद पडला. अगदी आठ महिन्यांपूर्वीसारखा.

सौमित्र हसला. "अगं, प्लास्टिक काढ की आधी."

त्यानं नखानं बॅटरीच्या सोनेरी टोकांवर अर्धवट आलेली पातळ, पारदर्शक पट्टी सोलून काढली. बॅटरी परत बसवली, आणि फोन सुरू झाला तो सुरूच राहिला.

मैत्रीच्या घरी टीव्हीचा रिमोट सहा वर्षं पिशवीत होता. फ्रिजच्या दांडीवरचं प्लास्टिक पिवळं पडलं तरी शाबूत होतं. कव्हर काढलं की वस्तू जुनी होते, असं आई म्हणायची. ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की नव्या बॅटरीवरचं प्लास्टिक तिनं काढलं तर नव्हतंच, उलट सुटलेला कोपरा बोटानं दाबून नीट बसवला होता. आणि तसाच फोन दोन दिवस पुनःपुन्हा सुरू करून लेख लिहिला होता. एका माणसाचा मित्र आणि धंदा, दोन्ही गेले ते त्या दाबलेल्या कोपऱ्यानं.

पट्टी टाकून देताना सौमित्रची बोटं तिच्या बोटांना लागली आणि तिथंच थांबली. एरवी तिला आकाश ठेंगणं झालं असतं. तिनं हात ओढून घेतला.

"काय झालं?"

"काही नाही... उशीर झाला मला."

पुढचे पाच दिवस तिनं त्याचा एकही फोन घेतला नाही. आरशात बघायची सोय नव्हती, तर त्याच्याशी बोलणार काय? चौथ्या दिवशी आईनं, नंदाताईंनी, तिच्यापुढे ताट ठेवलं आणि विचारलं, "कोणाचं काय बिघडवून आलीस?" आयांना हे कसं कळतं कोण जाणे. मैत्रीनं सगळं सांगितलं. नंदाताई म्हणाल्या, "चूक चारचौघांत केलीस, तर माफी कोपऱ्यात मागू नकोस." बुधवारी दुपारी ती कर्वेनगरला गेली.

"पाच दिवस!" सौमित्र उठून उभा राहिला. "मला वाटलं, माझंच काही चुकलं..."

"सौमित्र, खवचट काकू मी आहे."

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. तिनं न थांबता सगळं सांगितलं. प्लास्टिक, दाबलेला कोपरा, मंडईत फोन ओळखल्याचं, आणि तरीही गप्प राहून त्याचा चहा पीत राहिल्याचं.

त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"तेजस गेला तेव्हा मी याच खुर्चीत बसलो होतो," तो म्हणाला. "चूक होते, ती मी समजू शकतो. पण तुम्ही इथे बसून माझ्याकडून सगळं ऐकून घेतलंत. या तुम्ही आता."

त्या 'तुम्ही'नं तिला जे लागलं, ते शिवीनंही लागलं नसतं. ती गेली.

संध्याकाळी संकेतस्थळावर तिचा लेख आला. वर तिचा फोटो, खाली तिचं पूर्ण नाव. 'मी बॅटरीचं प्लास्टिक न काढता हा फोन तपासला आणि त्याला नालायक ठरवलं. नालायक फोन नव्हता.' तासाभरात लोकांनी तिची सालटी काढायला सुरुवात केली. एकानं विचारलं, काकू चॉकलेटही कागदासकट खातात का? तिनं सगळं वाचलं. एकही शेरा पुसला नाही.

गुरुवारी ती शाळेत पोचली. शिक्षकांच्या खोलीत सौमित्र आधीच होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर टेबलाकडे वळवली.

"तुम्हाला कोणी बोलावलंय?" शर्मिला मॅडमनी विचारलं.

"नाही. पण तुम्ही जे परीक्षण वाचलंत, ते माझं आहे. कालचंही माझंच." ती वीस शिक्षकांकडे वळली. "बॅटरी मी बसवून दाखवू का? मला जमलं तर कोणालाही जमेल."

कोणीतरी खुदकन हसलं. तिनं पट्टी काढली, बॅटरी बसवली, मग स्क्रीन काढून परत बसवली. जमलं.

"म्हणजे फोन उत्तम?" मॅडम म्हणाल्या.

"उत्तम नाही. जाड आहे. फटींत धूळ जाते, महिन्यातून एकदा पुसावी लागेल. संध्याकाळचे फोटो यथातथाच येतात. आणि यांचा कारखाना बंद पडला तर सुटे भाग मिळायचे नाहीत, हा खरा धोका आहे. पण पडला, बॅटरी उतरली, तर हा फेकावा लागणार नाही."

सौमित्रनं पहिल्यांदा मान वर केली.

"खरं बोलताय असं दिसतं," मॅडम म्हणाल्या. "आधी पंधरा घेऊ. वर्षभर वापरून बघू."

बाहेर व्हरांड्यात पावसाची सर आली होती. मैत्री छत्री उघडून निघालीच होती, तेवढ्यात मागून हाक आली.

"थांब."

ती थांबली.

"काल रात्री मी आमचं जुनं माहितीपत्रक काढलं," सौमित्र म्हणाला. "प्लास्टिक काढा, असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. पत्रक मी लिहिलं होतं. आठ महिने मी तुझ्या नावानं बोटं मोडत होतो... आणि एक ओळ लिहायची मीच विसरलो होतो. सकाळी तेजसला फोन करून सांगितलं. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती."

"तरी मी गप्प राहिले ते राहिलेच."

"हो. त्याचा राग आहेच अजून." तो थांबला. "आणि तू आवडतेस. दोन्ही एकदम चालू आहे, म्हणून झोप नाही."

"मलाही तू आवडतोस," मैत्री म्हणाली. "मंडईतल्या पहिल्या दिवसापासून. म्हणूनच सांगायला तोंड उघडत नव्हतं." तिनं छत्री अर्धी त्याच्याकडे सरकवली. "रविवारी घरी ये. आईला सगळं सांगितलंय."

"रविवारपर्यंत राग गेला नाही तर?"

तिनं छत्री आणखी थोडी त्याच्याकडे सरकवली.

"तर रागावलेलाच येईन," तोच म्हणाला.

"ये," ती म्हणाली. "आई रागावलेल्यांनाही पोटभर वाढते."