मिरचीवाल्याचं काळीज

डॉक्टर दीप्ती महाल भागातल्या संघपालच्या मिरचीच्या दुकानात शिरली ती शिंकतच. एक, दोन… मोजून सात! संघपालनं हसू दाबत पाणी पुढे केलं.

"कोणती देऊ, मॅडम? ही भिवापुरी हाय."

"मिरची नको," ती डोळे पुसत म्हणाली, "तुमचं रक्त पाहिजे."

असं मागणं घेऊन आलेली पोरगी त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

संघपालचा आजा, बाप, काका, तिघेही चाळिशीत उभ्याउभ्या गेले. लोक म्हणत, नजर लागली. नजर कसली डोंबलाची! बापाच्या रक्तातून लेकरात उतरणारी काळजाची खोट असते, अन् ही पोरगी दहा वर्षं घरोघरी जाऊन तीच हुडकत होती. तिनं त्याच्या घराण्याचं झाड काढलं. सासरी गेलेल्या आत्यासुद्धा त्यात बसवल्या; त्यांची नावं आजवर कोणी लिहिली होती?

दवाखान्यात तिनं मशीन लावलं. पडद्यावर काळीज उघडत होतं, मिटत होतं…

"हे माझं?"

"मग काय माझं?"

तो बघतच राहिला. "रोज पाहून कंटाळा नाही येत?"

"त्याला धडधडायचा येतो का? मग मला कसा येईल?"

पुढे दुखत काही नव्हतं मेल्याचं, तरी दर मंगळवारी दवाखान्यात हजर!

रिपोर्टच्या दिवशी मात्र खुर्चीत डॉक्टर मुकुंद. "तुमची फाइल मॅडमनं माझ्याकडे दिली. खोट आहे. पण वेळेत सापडली. गोळ्या घ्या, तपासत राहा, म्हातारे व्हाल."

संघपालनं पुढचं ऐकलंच नाही. दीप्ती व्हरांड्यात उभी होती.

"खोट दिसली, अन् मले सोडलं… नाही?"

"मी रिपोर्ट पाहिलाच नाही. फाइल महिन्याआधीच दिली."

"काहून?"

"आम्हा डॉक्टरांत आपल्या माणसाची फाइल आपण ठेवत नाही. निदान चुकतं…"

"आपल्या—?"

शेकडो काळजं वाचणारी ती डॉक्टरीण खाली फरशीकडे पाहून राहिली.

"खोट हाय, दीप्ती."

"असू दे," म्हणत तिनं त्याचा हात धरला.

"नाडी पाहून राहिल्या का?"

"ते मुकुंदचं काम," ती म्हणाली, अन् बोटं घट्ट केली.