सोडू नको हं

भावेश, ही गाडीची किल्ली उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे ठेव. दिवा लागलेला राहू दे. का ते सांगतो.

तुझ्या वहिनीचे गुडघे हल्ली कुरकुरतात, म्हणून मागच्या रविवारी फुलपाड्याहून सकाळीच निघून तिला वज्रेश्वरीच्या गरम कुंडावर नेलं. परतताना मुद्दाम जंगलातल्या रस्त्याने गाडी घातली. चार वाजले असतील. सागाच्या आडून नदी दिसली आणि मला पोहायची हुक्की आली.

प्रेमा पाण्याला भिते, तुला ठाऊक आहे. ती सहा वर्षांची असताना तिची थोरली बहीण मीरा तिला वसईच्या वाडीतल्या बावखलात, झाडं शिंपायच्या तळ्यात, पाठीखाली हात धरून तरंगायला शिकवत होती. मीरा नऊ वर्षांची. प्रेमा वाचली, मीरा गेली. मीराचा हात सुटला, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. पाण्यात उतर म्हणून पस्तीस वर्षं मी प्रेमाच्या मागे लागलोय, तिने कधी दाद दिली नाही. त्या दिवशी मात्र आपणहून म्हणाली, "चला."

कमरेएवढं पाणी. कुजक्या पानांचा वास. मी तिच्या पाठीखाली हात धरला. आधी ती फळीसारखी ताठ, मग हळूहळू सैलावली. कान पाण्यात, डोळे मिटलेले. साठीत बायको इतकी गोड दिसेल असं वाटलं नव्हतं, खरंच भरून आलं मला.

तेवढ्यात माझ्या पोटरीत गोळा आला. कळ अशी, की हात सुटलाच. कसाबसा खडकाला टेकलो आणि ती बुडणार म्हणून वळलो... ती तरंगतच होती.

"सोडू नको हं," ती म्हणाली.

मला हसू आलं. आजवर 'अहो'शिवाय हाक नाही, आणि आज एकदम एकेरी! मग ध्यानात आलं, माझे दोन्ही हात पोटरीवर होते.

किड्यांची किरकिर थांबली होती. पाण्यावरची पानं खाली वाहत होती. प्रेमा प्रवाहाच्या उलट, वर चालली होती, डोहाकडे. सावकाश, कुणी नेत असल्यासारखी.

"प्रेमा..."

"थांब गं, हे बोलावतायत," ती हळूच म्हणाली. मला नाही.

मी तसाच पाण्यात झेपावलो आणि दंडाला धरून तिला ओढलं. खेळ मोडल्यावर पोरं बघतात तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

परत गाडीत बसून निघालो. शिरसाडच्या अलीकडे म्हणाली, "तिने हात सोडला नव्हता हो. मीच घाबरून तिला खाली दाबलं. चौपन्न वर्षं कुणाला सांगितलं नाही." मग पोटभर रडली. गाडी बाजूला घेऊन मी तिला जवळ घेतलं. फार जीव आहे रे माझा तिच्यावर. वाटलं, आता तरी हिला शांत झोप लागेल. लागलीही. आठवडाभर ती गुणगुणतेय, गुडघे दुखत नाहीत म्हणते.

आज संध्याकाळी बघतो तर पिशवी भरलेली. उद्या नदीवर जायचंय म्हणे. आत दोन टॉवेल, एक तिचा आणि एक छोटा, लहान मुलांचा, कोरा. माझा कुठाय म्हणून विचारलं.

"तुम्ही काठावरच बसा हं," ती मायेने म्हणाली. "तिला लाज वाटते."